आयांनी उपाशी राहून मिळवलेली शाळा

मुलांच्या शाळेसाठी आपण काय काय करतो? प्रवेशासाठी रांगेत उभे राहतो, दाखल्यांसाठी खेटे घालतो, पोटाला चिमटा काढून फी भरतो. पण मोहल्ल्यात शाळाच नसेल, आणि देतो म्हणणारे सरकार टाळाटाळ करत असेल तर? अमेरिकेतील शिकागो शहरात काही आयांनी आणि आज्यांनी यासाठी १९ दिवस अन्न सोडले. त्यातून जी सरकारी शाळा उभी राहिली तिचे नाव ‘सोशल जस्टिस हायस्कूल’, म्हणजे सामाजिक न्यायाची शाळा. मुले तिला लाडाने ‘सोजो’ म्हणतात. नववी ते बारावीचे वर्ग, मोजकी मुले, आणि शिकवण्याचा विषय कोणताही असो, त्यातून न्याय-अन्यायाचा विचार करायला लावणारे शिक्षक, अशी ही शाळा.

तिची हकीकत आम्ही या अंकात वाचकांपुढे ठेवत आहोत. ही नुसती विजयाची गोष्ट नाही. शाळा मिळाल्यावर ‘ही शाळा कोणाची?’ असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर देणे उपोषणाइतकेच जड गेले. आमच्या मते या शाळेपासून शिकण्यासारखे जे आहे, ते मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

तुरुंग होते, हायस्कूल पुरेसे नव्हते

शिकागोच्या नैर्ऋत्य भागात लिटल व्हिलेज नावाची वस्ती आहे. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. कारखान्यांत, हॉटेलांत, बांधकामावर राबणारी माणसे. २६व्या रस्त्यावर वस्तीच्या नावाची कमान आहे आणि तिच्या पुढे दुकानांची लांब रांग. शहराच्या तिजोरीत या बाजारपेठेतून चांगला कर जमा होतो. २००० सालच्या जनगणनेत इथे ९१ हजारांवर लोक होते आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते.

या वस्तीच्या पूर्व टोकाला कुक काउंटीचे अवाढव्य तुरुंग आहे. पण एवढ्या मुलांसाठी वस्तीचे असे हायस्कूल एकच होते, फॅरागट. तिथे वर्ग गच्च भरलेले. शिवाय दुसऱ्या हद्दीत जायचे म्हणजे टोळ्यांची भीती. मुलगा सकाळी शाळेला निघाला की संध्याकाळी धडपणे घरी येईपर्यंत आईच्या जिवाला घोर. अनेक मुले मधेच शाळा सोडत.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस शाळाखात्याने शहरात नवी हायस्कुले बांधायचे ठरवले. त्यांत लिटल व्हिलेजचेही नाव होते. ३१वा रस्ता आणि कॉस्टनर मार्ग जिथे मिळतात तिथली जागाही ठरली. पुढे काय झाले? शहराच्या उत्तर भागात नॉर्थसाइड कॉलेज प्रेप १९९९ साली सुरू झाले, वॉल्टर पेटन कॉलेज प्रेप २००० साली. या दोन्ही शाळांत प्रवेश चाचणी परीक्षेतील गुणांवर मिळतो आणि संपूर्ण राज्यात त्यांचे नाव वर असते. लिटल व्हिलेजच्या वाट्याला मात्र रिकामा भूखंड आला. विचारले की उत्तर एकच मिळे, पैसे संपले.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. १९९५ पासून शिकागोचे शाळामंडळ महापौरच नेमत असत. पालकांना मंडळातील कुणाला मत देता येत नव्हते, की मताने खाली खेचताही येत नव्हते. अर्ज, शिष्टमंडळ, सभा, सगळे करून झाले होते. हातात उरले होते ते स्वतःचे शरीर.

मातृदिनाचे उपोषण

१३ मे २००१ रोजी अमेरिकेत मातृदिन होता. घरोघरी आईला फुले द्यायचा, तिला जेवू घालायचा हा दिवस. त्या दिवशी लिटल व्हिलेजमधील चौदा जण त्या रिकाम्या भूखंडावर तंबू ठोकून उपोषणाला बसले. त्यांत आया होत्या, आज्या होत्या, तरुण कार्यकर्ते होते. ज्या जागेवर मुलांच्या वर्गखोल्या असायला हव्या होत्या, तिथेच त्या बसल्या.

त्या जागेला त्यांनी नाव दिले ‘कॅम्प सेझर चावेझ’. हे नाव आपल्याही जवळचे आहे. सेझर चावेझ हे कॅलिफोर्नियातील शेतमजुरांचे नेते. १९६८ साली त्यांनी २५ दिवसांचे उपोषण केले होते, आणि ही वाट आपल्याला महात्मा गांधींनी दाखवली असे ते मानत. गांधीजींचे १९४३ सालचे २१ दिवसांचे उपोषण पुण्याच्या आगाखान पॅलेसमधले, नजरकैदेतले. पुण्यातून निघालेली ही वाट कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांतून शिकागोच्या एका मोकळ्या भूखंडावर पोचली होती.

सुरुवातीला शाळाखात्याचे प्रमुख पॉल व्हॅलस बधले नाहीत. पण भूखंडावर रोज माणसे जमू लागली. शेजारपाजारचे येत, शाळेतली मुले येत, पत्रकार येत. १९ दिवसांनी उपोषण थांबले. तेव्हाही तिथे पाया खोदायला कुणी आलेले नव्हते. पण शहराला आता हा विषय टाळता येण्यासारखा राहिला नव्हता. काही दिवसांतच व्हॅलस यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी आलेल्या आर्नी डंकन यांनी शाळेची मागणी मान्य केली. हेच डंकन पुढे २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचे शिक्षणमंत्री झाले.

एका छपराखाली चार शाळा

मागणी मान्य झाल्यावर लोक घरी जाऊन बसले नाहीत. शाळा कशी हवी, हेही त्यांनीच सांगितले. वस्तीत बैठका झाल्या, घरोघरी मते विचारली गेली. हजार-दीड हजार मुलांची एकच मोठी शाळा काढली तर त्यात आपली मुले पुन्हा हरवतील, ही भीती बहुतेकांनी बोलून दाखवली. म्हणून एकाच आवारात चार छोट्या शाळा काढायचे ठरले. एक गणित-विज्ञानाची, एक भाषांची, एक विविध संस्कृतींच्या अभ्यासाची आणि चौथी सामाजिक न्यायाची. ग्रंथालय, मैदान आणि जेवणाची जागा सामाईक, पण प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक आणि शिक्षक वेगळे.

त्या काळात अमेरिकेत छोट्या शाळांच्या कल्पनेने जोर धरला होता. बिल गेट्स यांच्या फाउंडेशननेही अशा शाळांसाठी मोठ्या रकमा दिल्या होत्या. कल्पना साधी आहे. साडेतीनशे-चारशे मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारा कुणीतरी मोठा माणूस असतो. मूल दोन दिवस आले नाही तर ते लगेच लक्षात येते. घरी काय चालले आहे, वडिलांचे काम सुटले आहे का, याची चौकशी होते.

इमारतीला सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर लागले. २००५ च्या शरद ऋतूत वर्ग भरू लागले. ‘सोजो’ची सुरुवात नववीच्या सुमारे शंभर मुलांनी झाली. दरवर्षी एक इयत्ता वाढत गेली आणि २००९ साली पहिली तुकडी बारावी पार करून बाहेर पडली.

‘आमची’ म्हणजे कोणाची?

आता त्या जड प्रश्नाकडे येऊ. लिटल व्हिलेजच्या उत्तरेला, रेल्वेमार्गाच्या पलीकडे, नॉर्थ लॉनडेल ही काळ्या लोकांची वस्ती आहे. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत घरांच्या भेदभावाविरुद्ध लढायला आले, तेव्हा ते याच वस्तीतल्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत मुद्दाम भाड्याने राहिले होते. दोन्ही वस्त्या गरीब, दोन्हींतील मुले चांगल्या शाळेला मुकलेली. पण एकमेकींविषयी मनात अढी होती आणि टोळ्यांच्या भांडणांनी ती वाढवली होती.

शिकागोच्या सरकारी शाळांवर १९८० पासून न्यायालयाच्या देखरेखीखालील एक करार बंधनकारक होता. वंशावरून शाळांची जी वाटणी होत होती ती मोडण्यासाठी तो केलेला होता. त्यामुळे नव्या आवाराची हद्द आखताना नॉर्थ लॉनडेलचा भागही तिच्यात घेतला गेला. साधारण ३० टक्के मुले काळी आणि ७० टक्के मेक्सिकन वंशाची, असे प्रमाण धरले होते.

यावर लिटल व्हिलेजमधील काही जण चिडले. उपाशी आम्ही राहिलो, जागा आमच्या वस्तीतली, मग जागा दुसऱ्यांच्या मुलांना का? तिकडे नॉर्थ लॉनडेलच्या पालकांनाही काळजी होती. आपल्या लेकराने रेल्वेमार्ग ओलांडून परक्या वस्तीत जायचे, तिथे त्याला कोण सांभाळणार? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होते. ज्याने सोसले त्याला पहिला हक्क, असे कुणालाही वाटेल. आपणही त्या जागी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो.

पण शाळेच्या नावातच न्याय होता. उपोषण करणाऱ्यांचे म्हणणे होते की आमच्या मुलांना डावलले गेले, हा अन्याय आहे. मग तसेच डावलले गेलेले शेजारचे मूल दारात आल्यावर त्याला परत पाठवायचे, तर त्या म्हणण्याला काय अर्थ उरतो? शाळेच्या आखणीत असलेल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हा मुद्दा दोन्ही वस्त्यांत जाऊन पुन्हा पुन्हा मांडला. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड स्टोव्हॉल या आखणीत सहभागी होते आणि नंतर त्यांनी या शाळेत शिकवलेही. २०१६ साली त्यांनी या सगळ्या धडपडीवर पुस्तक लिहिले. शाळा उभारताना काय साधले याइतकेच, काय साधता आले नाही याबद्दलही ते बोलतात.

मने एका दिवसात जुळली असे कुणी म्हणत नाही. पण मुले एका वर्गात बसू लागली. त्यांच्या हातात अभ्यास कोणता होता, तेही पाहण्यासारखे आहे.

गणिताच्या तासाला

सामाजिक न्यायाची शाळा म्हटले की वाटते, रोज भाषणे होत असतील. ‘सोजो’चे नाव झाले ते गणितामुळे. इलिनॉय विद्यापीठातीलच प्राध्यापक एरिक गुटस्टाइन या शाळेत येऊन शिक्षकांबरोबर काम करत आणि २००८-०९ मध्ये त्यांनी बारावीचा एक वर्ग स्वतः शिकवला. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव आहे. मुलाला अक्षर वाचायला शिकवताना भोवतालची दुनियाही वाचायला शिकवावी, असे फ्रेरे म्हणत. गुटस्टाइन यांनी तेच गणिताला लावले.

२००७ साली अमेरिकेत जेना गावाचे प्रकरण गाजत होते. लुइझियाना राज्यातील या गावात शाळेतल्या मारामारीवरून सहा काळ्या मुलांवर गंभीर गुन्हे दाखल झाले. त्यांपैकी एकाचा खटला सहा जणांच्या पंचमंडळापुढे चालला आणि ते सहाही गोरे होते. त्या वेळच्या बातम्यांनुसार, पंच निवडण्यासाठी हजर झालेल्या सुमारे ५० जणांतही एकही काळा माणूस नव्हता. ‘सोजो’च्या वर्गांत प्रश्न ठेवला गेला, की हे योगायोगाने होण्याची शक्यता किती?

वाचकांसाठी हा हिशेब आम्ही सोपा करून मांडतो. त्या भागात शंभरांत साधारण १२ माणसे काळी होती असे धरू. म्हणजे चिठ्ठी टाकून एक माणूस निवडला तर तो काळा नसण्याची शक्यता १०० पैकी ८८. सहा चिठ्ठ्या काढल्या आणि एकही काळा निघाला नाही, असे होण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के. म्हणजे जवळजवळ अर्ध्या वेळा असे सहज होऊ शकते. पण ५० चिठ्ठ्या काढूनही एकही काळा निघू नये, याची शक्यता जेमतेम ६०० त एक. सहाच्या आकड्यावरून आरोप करणे घाईचे ठरेल. पन्नासच्या आकड्यावर मात्र विचारावे लागते, बोलावण्याच्या यादीपासून हजेरीपर्यंत काळी माणसे कुठे गळाली?

या एका उदाहरणात मोठी शिकवण आहे. अन्याय झाला असे वाटणे वेगळे आणि तो दाखवून देता येणे वेगळे. राग आला म्हणून आकडा वाकवायचा नाही, आणि आकडा आपल्या बाजूने बोलत असेल तर गप्पही बसायचे नाही.

दुसरा प्रकल्प घरांचा होता. २००८ साली अमेरिकेत गृहकर्जांचा फुगा फुटला आणि दोन्ही वस्त्यांत लोकांची घरे जाऊ लागली. बारावीच्या मुलांनी कर्जांचे कागद समजून घेतले. काही कर्जांचा सुरुवातीचा हप्ता मुद्दाम इतका कमी ठेवलेला असे की त्यातून व्याजही फिटत नसे. आमच्या मनाचे एक उदाहरण घेऊ. एक लाख डॉलरचे कर्ज, महिना एक टक्का व्याज. पहिल्या महिन्याचे व्याज झाले हजार डॉलर आणि हप्ता मात्र ८०० डॉलर. उरलेले २०० मुद्दलात चढले, पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज. वर्षभर एकही हप्ता न चुकवता कर्ज अडीच हजार डॉलरनी वाढलेले असते. कागदावर सही करणाऱ्या वडिलांना हे कुणी सांगितलेले नसते.

नॉर्थ लॉनडेलची मुले कर्ज आणि वाढत्या किमतींमुळे बाहेर फेकल्या जाणाऱ्या कुटुंबांचा हिशेब करत होती. लिटल व्हिलेजच्या मुलांच्या घरी त्याबरोबर आणखी एक धास्ती होती, कागदपत्रे नाहीत म्हणून देशाबाहेर काढले जाण्याची. दोन्ही हिशेब एकाच फळ्यावर आले. मग मुलांनी दोन्ही वस्त्यांत सभा घेऊन आपल्या घरच्यांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर हे गणित मांडले. ज्यांना एकमेकांची भीती घालून वाढवले होते, ती मुले एकमेकांच्या वस्तीत उभी राहून समजावून सांगत होती की आपले घर वेगवेगळ्या वाटांनी जाते आहे, पण जाते आहे दोघांचेही. तीन वर्षांपूर्वी हद्दीवरून जो वाद झाला होता, त्याला मुलांनी दिलेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

शाळेवर पाळी आली तेव्हा

प्रश्न विचारायला शिकवणारी शाळा सरकारच्याच पैशावर चालते, तेव्हा कधीतरी खटका उडणारच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, वर्ष नुकते सुरू होत असताना, शाळाखात्याने ‘सोजो’च्या मुख्याध्यापिकेला अचानक हटवले. मुलांनी वर्गात न जाता शाळेतच ठिय्या दिला. पालक आणि उपोषणाच्या काळातील माणसेही पुन्हा जमली. शाळा कशी मिळाली होती, हे तेव्हाच्या मुलांनी ऐकलेलेच होते. ती उपाशी बसली तेव्हा ही मुले बालवाडीच्या वयाची होती.

शिकागोतील इतर वस्त्यांनीही ही गोष्ट लक्षात ठेवली. २०१३ साली शहराने एकाच वेळी सुमारे ५० शाळा बंद केल्या. त्यांत काळ्या वस्त्यांना मोठा फटका बसला. २०१५ साली ब्रॉन्झव्हिल भागातील डायेट हायस्कूल वाचवण्यासाठी बारा जणांनी ३४ दिवस उपोषण केले. ती शाळा २०१६ साली पुन्हा सुरू झाली. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या नागरिकांनी शाळामंडळातील सदस्य निवडण्यासाठी पहिल्यांदा मतदान केले.

‘सोजो’पुढच्या अडचणी संपलेल्या नाहीत. महागाई आणि घरभाड्यामुळे लिटल व्हिलेज रिकामे होत चालले आहे. २००० साली ९१ हजारांवर असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ७१ हजारांच्या घरात आली. मुले कमी झाली की शाळेला मिळणारा पैसा कमी होतो, शिक्षक कमी होतात. छोटी शाळा ही त्या वेळी ताकद होती, आज तीच चिंता झाली आहे. परीक्षेच्या गुणांत ही शाळा नॉर्थसाइड किंवा पेटनच्या बरोबरीला बसत नाही. तिथे हुशार ठरलेली मुले निवडून घेतात, इथे हद्दीत राहणारे कोणतेही मूल येते. दोन्ही शाळांना एकाच फूटपट्टीने मोजणे बरोबर नाही. पण म्हणून इथल्या मुलांना कमी गणित आले तरी चालेल, असेही या शाळेने कधी मानले नाही. अवघड गणित आल्याशिवाय जेनाचा हिशेबही सुटत नाही आणि कर्जाचाही.

आपल्या घरात

आम्ही हे सर्व लिहिले ते कुणी उपोषणाला बसावे म्हणून नाही. उपाशी राहायची वेळ आयांवर आली, ही त्या शहराला लाज आणणारी गोष्ट होती. पण तीन गोष्टी कोणत्याही घरात आणि कोणत्याही मोहल्ल्यात उपयोगी पडतील असे आम्हाला वाटते.

पहिली, शाळा ही मेहेरबानी नाही. वचन दिले असेल तर ते कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर दिले, हे आयांनी लक्षात ठेवले म्हणून त्यांना मागता आले. दुसरी, शाळा मिळाली की काम संपत नाही. कशी शिकवते, मुले किती आहेत, कोण गळते आहे, हे पालकांनी पाहत राहायचे असते. शाळेच्या सभेचे बोलावणे आले की आई किंवा वडील, निदान एकाने तरी जावे. आणि तिसरी सगळ्यांत अवघड. आपण मागितलेला हक्क मिळाल्यावर शेजारचे, आपल्यासारखेच डावललेले मूल रांगेत उभे असते. लिटल व्हिलेजच्या लोकांनी कुरकुरत, भांडत, समजावत का होईना, त्याला आत घेतले.

आज रात्री जेवताना हा हप्त्याचा हिशेब आपल्या नववी-दहावीतल्या मुलीला घालून पाहा. १,००,००० चे कर्ज, महिना १ टक्का व्याज, हप्ता ८००. बारा महिन्यांनी किती? तिने उत्तर काढले की तिला विचारा, हे कर्ज घेणाऱ्याला आधी कुणी काय सांगायला हवे होते.